न लावलेल्या लग्नाचे साक्षीदार

आमच्या वसाहतीत अजूनही सांगितले जाते की गायकवाडांच्या सुनंदाचे लग्न श्रीलंकेहून आलेल्या भंते सोमरतन यांनी लावले. ही माहिती चुकीची आहे. ती चुकीची असल्याचे स्वतः भंतेंनी न्यायालयात, प्रतिज्ञेवर, सांगितलेले आहे. तरीही अलीकडे एका स्मरणिकेत ती पुन्हा छापली गेली. मी संपादकांना पत्र पाठवले. उत्तर आले नाही. माझ्या पत्रांना उत्तर न देण्याची या भागात जुनी परंपरा आहे. नगरपालिका, वीज मंडळ, रेल्वे, आणि आता ही स्मरणिका. तेव्हा पत्रात जे मावले नाही ते इथे सविस्तर लिहितो. एखाद्याने जे केले नाही त्याचे श्रेय त्याच्या गळ्यात घातले, की त्याने जे खरोखर केले ते कायमचे झाकले जाते. भंतेंच्या बाबतीत ते मी होऊ देणार नाही.

भंते आले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर. विठ्ठलवाडीच्या एस. टी. आगारामागे, उल्हासनगरच्या हद्दीत आमची वसाहत. घरटी कोणी ना कोणी अंबरनाथच्या कारखान्यांत, रेल्वेत किंवा सरकारी कचेरीत नोकरीला. वसाहतीच्या टोकाला पत्र्याचे छप्पर घातलेले विहार आणि त्यामागे एक खोली. त्या खोलीत हा परदेशी माणूस एक भिक्षापात्र, तीन चीवरे, पाणी गाळायचे फडके आणि एक छत्री एवढ्या सामानानिशी राहायला आला. वय चाळिशीच्या आतबाहेर, अंगाने सडपातळ, पाय मात्र रुंद आणि फताडे, वर्षानुवर्षे अनवाणी चाललेल्या माणसाचे. हसताना आवाज मुळीच येत नसे; फक्त खांदे हलत.

त्यांचे गाव गॉलजवळ, समुद्राच्या काठी. वडील मासेमारीच्या होड्या दुरुस्त करीत. लहानपणीच ते विहारात गेले. त्यांच्या गुरूंनी त्यांना इकडे पाठवताना सांगितले होते, ‘धम्म आपल्याकडे भारतातून आला. त्यांच्या घरातली वस्तू आहे. मधल्या काळात ती त्यांच्याकडून हरवली, आता त्यांनी पुन्हा मागितली आहे. नेऊन दे.’ भंते हे फार साधेपणाने सांगत, शेजाऱ्याची परात परत करायला निघालेल्या माणसासारखे. मला ते आवडे. धर्मप्रसारक म्हणून आलेली पुष्कळ माणसे मी पाहिली आहेत. आपण काही देतो आहोत याचा तोरा त्यांच्या चालण्यात दिसतो. भंतेंच्या चालण्यात तो नव्हता.

त्यांचे नियम मात्र लोखंडी होते. सूर्य माथ्यावर आला की त्यानंतर अन्न नाही. पैशाला हात लावायचा नाही. कोणी हातात दिल्याशिवाय पाण्याचा पेलासुद्धा उचलायचा नाही. मागायचे तर काहीच नाही. दारासमोर पात्र घेऊन खाली मान घालून उभे राहायचे, कोणी वाढले तर घ्यायचे, नाही तर पुढच्या दाराला जायचे. सुरुवातीला एकदा ते बाजारातल्या एका सिंधी कापडवाल्याच्या दुकानासमोर असे उभे राहिले. दुकानदाराने पात्रात नाणे टाकायला हात पुढे केला, भंतेंनी पात्रावर झाकण ठेवले. दुकानदाराला वाटले, रक्कम कमी पडली. त्याने नोट काढली. झाकण तसेच. त्याने मोठी नोट काढली. बघ्यांची गर्दी जमली. शेवटी तो कळवळून म्हणाला, “साईं, अब क्या दुकान लिख के दूँ?”

आमच्यातल्या कोणीतरी समजावले, “सेठ, पैसा नहीं लेते. खाने का कुछ दो.”

दुकानदाराने घरून आलेला स्वतःचा डबा उघडला आणि त्यातले दाल-पकवान सगळे पात्रात रिकामे केले. पुढे अनेक वर्षे तो आठवड्यातून एकदा वाट पाहत दारात उभा राही, आणि भंते यायला उशीर झाला तर येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारी, “वो मेरा महँगा वाला बाबा किधर है?”

पैसे न बाळगणाऱ्या माणसाने या देशात प्रवास कसा करावा, याचे उत्तर कोणत्याही खात्याकडे नाही. एकदा पाऊस संपता संपता त्यांना बदलापूरच्या पलीकडच्या एका वाडीत प्रवचनाला बोलावले होते. सोबत आमचे एक उपासक होते. तिकिटाचे पैसे त्यांच्या खिशात. अंबरनाथला गाडी थांबली तेव्हा हे गृहस्थ तंबाखू आणायला उतरले आणि गाडी सुटली. पुढच्या थांब्यावर कंडक्टरने तिकीट विचारले. भंतेंनी जे खरे ते सांगितले. कंडक्टरने त्यांना बदलापूर ओलांडल्यावर एका फाट्यावर उतरवले. परदेशी पाहुण्याला माळरानावर उतरवणाऱ्या त्या महामंडळाला मी नंतर जे पत्र लिहिले त्याची प्रत माझ्याकडे आहे, ते असो.

भंते चालत निघाले. वाडीच्या अलीकडचा ओढा, परतीच्या पावसाने, दोन्ही काठांना लागला होता. पलीकडे वाडीची माणसे जमलेली, अलीकडे भंते. पाणी उतरण्याची चिन्हे नव्हती. तेव्हा भंते एका दगडावर उभे राहिले आणि त्यांनी तिथूनच प्रवचन सुरू केले. पाण्याच्या आवाजात पलीकडे एक अक्षर पोचत नव्हते. पण माणसे चिखलात बसली, हात जोडून शेवटपर्यंत बसली, आणि भंतेंचे ओठ थांबले की सगळी मिळून “साधु, साधु, साधु” म्हणत. मी पुढे त्या वाडीतल्या एका म्हाताऱ्याला विचारले, की बाबा, ऐकू काही आले नाही, मग बसलात कशाला? तो म्हणाला, “मानूस येवढा चालून आला, त्याला परत जा म्हनायचा का? बोलू दिला त्याला.” भंतेंना मी हे सांगितले तेव्हा त्यांचे खांदे बराच वेळ हलत होते.

मराठी ते आमच्या बायकांकडून आणि बाजारातून शिकले. ती तोडकी होती, पण तिच्यात फापटपसारा नव्हता. मी नगरपालिकेवर तोंडसुख घेत असलो की ते स्वस्थ ऐकत आणि मी थांबल्यावर म्हणत, “उपासक, पाणी प्या. मग पुढचं पत्र.”

आता लग्नाकडे येतो.

तुकाराम गायकवाड हे वसाहतीतले वजनदार गृहस्थ. रासायनिक कारखान्यात फोरमन, विहार समितीचे खजिनदार, मनाने उदार आणि आवाजाने मोठे. त्यांच्या घरातून भंतेंना नेमाने भोजन जाई. थोरली मुलगी सुनंदा, बदलापूरच्या विलास नावाच्या मुलाशी तिचे लग्न ठरले. गायकवाडांनी पत्रिका छापून आणल्या आणि पहिली प्रत भंतेंच्या पुढे ठेवली. तीवर ठसठशीत अक्षरांत छापले होते की मंगल परिणय विधी श्रीलंकेचे पूज्य भंते सोमरतन यांच्या हस्ते होईल.

भंतेंनी ती दोनदा वाचली. “उपासक, हे मी करू शकत नाही. भिक्खूने लग्न जुळवायचं नाही, लावायचं नाही. लग्न झालेल्या दोघांना आशीर्वाद देता येतो.”

“आता छापून झालंय, भंते.”

“कागदावर झालंय.”

“सगळीकडे वाटल्यात पत्रिका! बदलापूरपर्यंत गेल्यात!”

“मी येईन. लग्न कांबळे गुरुजी लावतील.”

कांबळे गुरुजी म्हणजे आमचे बौद्धाचार्य, पालिकेच्या शाळेतले शिक्षक. वसाहतीतली सगळी लग्ने तेच लावत. गायकवाडांनी पत्रिका उचलली. बाहेर आल्यावर मला म्हणाले, “जाधव, दोनशे माणसांसमोर कोण नाही म्हणतंय? भर मांडवात लाज वाटून उठतील.”

गायकवाडांवर मी रागावलो, पण त्यांच्या मनात काय होते ते मला कळत होते. आमच्या बापजाद्यांच्या लग्नाला जो पुरोहित येई तो लांब उभा राहून अक्षता टाकी. छप्पन्न साली धम्मदीक्षा घेऊन आम्ही ते सगळे मोडले. स्वतःचे विधी उभे केले, साधे, अर्ध्या तासाचे. तरी शेजारच्या मांडवात दणदणाटात लग्न लागताना ऐकले की आपल्या लेकीच्या लग्नालाही जगाने मान द्यावा असे बापाला वाटतेच. समुद्रापलीकडचा भिक्खू व्यासपीठावर उभा राहणे, यात गायकवाडांना तो मान दिसत होता. भंते एक वस्तू परत द्यायला आले होते आणि आम्हाला त्यांच्याकडून दुसरीच हवी होती.

लग्नाच्या दिवशी ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली, “आता पूज्य भंते मंगल परिणय विधी संपन्न करतील.” भंते कडेच्या आसनावर डोळे मिटून बसले होते. ते उठले नाहीत. पुन्हा घोषणा झाली. मांडव शांत झाला. वऱ्हाडातला एक जण म्हणाला, “लंकेवरून आणला आणि चावी द्यायला विसरले काय?” हशा झाला. गायकवाडांचा चेहरा काळवंडला. मग कांबळे गुरुजी मुकाट्याने पुढे झाले. त्रिशरण, पंचशील, दोघांच्या प्रतिज्ञा, हार. सगळे रीतसर.

मग गुरुजींनी भंतेंना आशीर्वादाची विनंती केली. भंते उठले, वधूवरांसमोर आले, आणि म्हणाले, “लग्न झालं?”

“झालं की, भंते!” गायकवाड ओरडले. “आत्ता डोळ्यांदेखत तर झालं!”

“तुम्हाला नाही, उपासक. यांना विचारतो.” आणि सुनंदाकडे वळून, “लग्न झालं?”

तिने मान हलवली.

“बोल.”

“झालं, भंते.”

मग विलासला तोच प्रश्न. वैशाखाचा महिना, लोकरी सूट, गळ्यात दोन हार, समोर ध्वनिक्षेपक. पोरगा वैतागला होता. “झालं! ही माझी बायको! आता तरी म्हणा!”

सगळा मांडव खो खो हसला. भंतेंनी शांतपणे मंगलसुत्त म्हणायला सुरुवात केली आणि ते पुरे म्हटले.

गायकवाडांनी त्यांचे भोजन बंद केले. “चार माणसांत माझी शोभा केली,” हे ते पुढे भेटेल त्याला सांगत. समितीतही कुजबुज झाली की लग्न न लावणारा भिक्खू आपल्या काय कामाचा. भंते गायकवाडांच्या दारासमोर नेहमीसारखे उभे राहत, दार उघडले नाही की पुढे जात. त्यांना राग आलेला मी पाहिला नाही, आणि खुलासा करतानाही पाहिले नाही. दोन्ही गोष्टींचा मला राग येई.

त्या दिवसांत मी आणखी एका गोष्टीसाठी घसा कोरडा करीत होतो. विवाहाची नोंदणी करा. प्रत्येक मांडवात सांगे. लोक म्हणत, “काका, मांडवात तरी कायदा नको.” गायकवाडांनीही नोंदणी केली नाही.

दोन वर्षे सरली नाहीत तोच सुनंदा माहेरी परत आली. विलासला दुसरीकडे स्थळ आले होते, नोकरीवाली मुलगी, अंबरनाथ पूर्वेला सदनिका. सुनंदाने पोटगीसाठी दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला, तेव्हा विलासने उत्तर दाखल केले की या बाईशी माझे लग्न झालेलेच नाही. ओळख होती, काही काळ ती माझ्या घरी राहत होती, एवढेच.

सुनंदा तेव्हा उल्हासनगरात जीन्स शिवण्याच्या एका कारखान्यात काम करू लागली होती. ती माझ्याकडे आली. रडत नव्हती. म्हणाली, “काका, मला त्याच्याकडे परत जायचं नाही. पैसे मी कमावते. पण लग्नच झालं नव्हतं असं मी त्याला म्हणू देणार नाही. मग दोन वर्षं मी त्या घरात कोण म्हणून होते?”

या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यायचे होते, आणि आमच्या कायद्याची तऱ्हा पाहा. आम्ही धर्म सोडला, पण आमची लग्ने त्या धर्माचे नाव असलेल्याच कायद्याखाली मोजली जातात. प्रतिपक्षाचा वकील उभा राहून विचारतो, अग्नी कुठे आहे? सप्तपदी कुठे आहे? आमच्या समाजाची रूढी म्हणून आम्ही जो विधी करतो, तो झाला हे आम्हीच सिद्ध करायचे. पोटगीच्या अर्जात पुरावा इतका काटेकोर लागत नाही हे मला ठाऊक होते. विलासच्या वकिलाला ते ठाऊक नसल्यासारखे वागायचे होते. आणि सिद्ध करायचे कशाने? कांबळे गुरुजी आदल्या वर्षी वारले होते. छायाचित्रांत हार दिसत होते. वकील म्हणाला, हार सत्कारातही घालतात. आईबापांची साक्ष हितसंबंधी ठरवायला वेळ लागत नाही. उरली पत्रिका. तिच्यावरून सुनंदाच्या वकिलाने अर्जात बिनदिक्कत लिहून टाकले होते की विवाह भंते सोमरतन यांनी लावला. कोणाला विचारले नाही, शहानिशा केली नाही. असल्या वकिलांविषयी माझे मत मी वकील संघटनेला लेखी कळवले आहे.

म्हणून एका सकाळी गायकवाड, ते वकील आणि मी विहारात गेलो. गायकवाड पुष्कळ दिवसांनी तिथे पाऊल टाकत होते. वंदना करून ते खाली बसले. मोठा आवाज गेला होता.

“भंते, एक वाक्य बोला. लग्न मी लावलं, एवढंच. तुमचं काय जातंय?”

भंते म्हणाले, “उपासक, लग्न खरं आहे. त्याच्यावर खोटं कशाला ठेवायचं?”

वकील म्हणाले, “अहो महाराज, अर्जात लिहिलंय तसं. तुम्ही नाही म्हणालात तर अर्ज खोटा पडतो.”

“मग अर्ज बदला.”

“आता बदलला तर संशय येतो!”

“तुम्ही लिहिताना आला नाही?”

गायकवाडांचा बांध फुटला. “माझी पोर उघड्यावर पडेल हो! लोक तिला काय म्हणतील कळतंय का तुम्हाला? तुमचे नियम! तेव्हा मांडवात नियम, आता कोर्टात नियम. तुम्हाला लेक नाही म्हणून!”

मी गायकवाडांना आवरायला गेलो, पण भंतेंनी हाताने मला थांबवले. ते म्हणाले, “लेक नाही, खरं आहे. मी येईन कोर्टात. जे झालं ते सांगीन.”

“त्यानं नुकसान झालं तर?” गायकवाडांनी विचारले.

भंतेंनी वकिलांना तारीख विचारली. त्या वेळी मला त्यांची भीती वाटली. खरे बोलणारा माणूस आपल्या बाजूचा असेलच असे नसते.

समन्स निघाल्याचे बदलापूरला कळले आणि लगेच पोलिसांकडे एक निनावी तक्रार गेली, की हा लंकेचा इसम इथे बेकायदा वास्तव्य करतो, धर्मप्रचार करतो आणि कौटुंबिक भांडणे लावतो. नव्वदीच्या सुरुवातीचा तो काळ; लंकेचा माणूस म्हटले की कचेऱ्यांत कपाळाला आठ्या पडत. भंतेंच्या वास्तव्याच्या परवान्याची मुदत संपत आली होती. दरवर्षी ती वाढवून मिळे. मी त्यांच्यासोबत परदेशी नागरिकांच्या नोंदणी कचेरीत गेलो.

अधिकारी सभ्य होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, “काका, ह्यांना समजवा. परदेशी माणसाने कोर्टकचेरीत कशाला पडायचं? तारखेला आजारी पडू द्या. महिनाभर कुठेतरी जाऊन या म्हणावं. मुदतवाढ मी बघतो.”

मी विचारले, “साक्षीदाराने समन्स टाळावे असा सल्ला आपण लेखी देता का?”

तो हसला. “लेखी तर मी एवढंच देणार, की साक्षीपर्यंत राहा, नंतर जा.”

आणि तेवढेच दिले. मी वरच्या कचेरीला लिहिले, तिच्यावरच्या कचेरीला लिहिले. दिल्लीहून एक पोच आली. भंतेंना मी सगळी परिस्थिती विशद करून सांगितली. साक्ष दिली तर हे विहार, ही माणसे, हे काम, सगळे सुटणार. त्यांनी विचारले, “साक्षीला चीवर कोणतं घालू? धुतलेलं एकच आहे.”

न्यायालयात भंतेंना साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे केले. शिरस्तेदाराने ईश्वराची शपथ सांगितली. भंते गप्प. शिरस्तेदार चिडला, “म्हणा ना!” मी बाकावरून उठून, ईश्वर न मानणाऱ्यांसाठी असलेली प्रतिज्ञेची तरतूद सांगितली. दंडाधिकारी बाई होत्या, मध्यमवयीन, त्रासिक चेहऱ्याच्या. त्यांनी आधी मला खाली बसवले आणि मग प्रतिज्ञा मान्य केली.

सुनंदाच्या वकिलांनी धास्तीने, लग्नाला हजर होता का, एवढेच विचारून आटोपते घेतले. विलासच्या वकिलाने उलटतपासणीला सुरुवात केली तेव्हा त्याच्या हातात ती पत्रिका होती.

“हे आपलंच नाव?”

“हो.”

“विवाह आपल्या हस्ते झाला?”

“नाही.”

न्यायालयात हालचाल झाली. गायकवाडांनी डोळे मिटले. सुनंदा सरळ समोर बघत होती.

“पुन्हा सांगा. आपण विवाह लावला नाही?”

“मी लावला नाही. भिक्खू लग्न लावत नाही.”

“म्हणजे पत्रिका खोटी. अर्जात लिहिलंय ते खोटं. मग विवाह झालाच नाही, असंच ना?”

“विवाह झाला. कांबळे गुरुजींनी लावला. लिहिणारे चुकले.”

“आपण कसं सांगता? आपण तर डोळे मिटून बसला होता. आमच्याकडे साक्षीदार आहेत!”

“हो. डोळे मिटले होते.”

वकील विजयी मुद्रेने खाली बसायला निघाला. तेवढ्यात बाईंनी लेखणी खाली ठेवली. “एक मिनिट. तुम्ही विवाह लावला नाही, पाहिला नाही. मग तो झाला हे तुम्हाला कसं माहीत?”

“मी विचारलं,” भंते म्हणाले. “मला लग्नात पाठ म्हणता येत नाही. लग्न झाल्यावर येतो. म्हणून आधी विचारावं लागतं, झालं का. वडील बोलले, झालं. पण त्यांचं लग्न नव्हतं. म्हणून मी मुलीला विचारलं. मग याला विचारलं.” त्यांनी विलासकडे पाहिले. “हा बोलला, ‘झालं! ही माझी बायको! आता तरी म्हणा!’”

त्यांनी ते वाक्य अगदी विलासच्या सुरात, वैतागून, हात झटकून म्हटले. त्या शांत माणसाच्या तोंडून तो सूर इतका अचानक आला की मागच्या बाकांवर हसू फुटले. विलासने मान खाली घातली. बाईंच्या नजरेतून ते सुटले नाही.

विलासचा वकील पुन्हा उठला. “इतक्या वर्षांपूर्वीचं वाक्य आपल्या शब्दशः लक्षात आहे?”

“आहे.”

“कसं काय?”

“या देशात त्याआधी माझ्यावर इतकं कोणी रागावलं नव्हतं.”

बाईंनी ओठ घट्ट मिटले आणि ते उत्तर टिपून घेतले.

बाहेर आलो तेव्हा ऊन कलले होते. भंतेंची भोजनाची वेळ केव्हाच टळली होती. दुसऱ्या सकाळपर्यंत आता उपवास. गायकवाड कुठे नाहीसे झाले म्हणून पाहतो तर ते समोरच्या गाडीवरून उसाचा रस घेऊन येत होते. फडक्यातून गाळलेला. दुपारनंतर भिक्खूला गाळलेला रस चालतो हे त्यांनी कोणाला विचारून घेतले कोण जाणे. पेला दोन्ही हातांनी पुढे करून ते म्हणाले, “मला वाटलं, संपलं आता सगळं. तुम्ही ‘नाही’ म्हणालात तेव्हा.”

“मलाही वाटलं,” भंते म्हणाले, आणि पेला घेतला.

निकाल पावसाळ्यानंतर लागला. सुनंदा ही विलासची विवाहित पत्नी असल्याचे न्यायालयाने मान्य केले. भंतेंच्या साक्षीचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे, आणि हेही लिहिले आहे की विवाह त्यांनी लावलेला नव्हता. स्मरणिकेच्या संपादकांनी हा निकाल वाचावा. सुनंदाने त्याची प्रमाणित प्रत काढली आणि ती घेऊन स्वतः विलासच्या घरी गेली. आत गेली नाही. शेजाऱ्यांना उंबऱ्यात उभे करून मोठ्याने वाचून दाखवली आणि परत आली. त्यानंतर ती कधी बदलापूरला गेली नाही.

निकाल लागला तेव्हा भंते इथे नव्हते. साक्षीनंतर आठवड्याभरातच त्यांना जावे लागले. मी त्यांना शेवटचे पाहिले ते कल्याण स्थानकावर, मद्रासच्या गाडीत. तिथून ते मायदेशी जाणार होते. वसाहतीतली बरीच माणसे आली होती. तो कापडवाला शेठही दुकान बंद करून आला होता. माझ्या खिशात एक अपील तयार होते, मुदतवाढ नाकारण्याविरुद्धचे, फक्त त्यांची सही हवी होती. त्यांनी ते वाचले, घडी घातली आणि परत दिले. “चांगलं लिहिलंय,” म्हणाले.

सुनंदा कारखान्यातून थेट आली होती, बोटांना निळीचे डाग तसेच. गाडी सुटण्याच्या बेतात असताना ती खिडकीशी आली.

“भंते, निकाल माझ्याविरुद्ध गेला तर?”

भंतेंनी घाई केली नाही. इंजिनाची शिट्टी झाली तरी केली नाही.

“तर निकाल विरुद्ध गेला,” ते म्हणाले. “लग्न झालं होतं. मी ऐकलं आहे.”

तिने हात जोडले. गाडी हलली. लोक “जयभीम, भंते” म्हणून ओरडत होते, हात हलवत होते. सुनंदा काही म्हणाली. गोंगाटात मला ते ऐकू आले नाही आणि त्यांनाही आले नसावे. भंते खिडकीत पात्र मांडीवर धरून बसले होते, आणि गाडी फलाटाबाहेर जाईपर्यंत त्यांनी मान तिच्या दिशेने किंचित कलती ठेवली होती, ती पुन्हा बोलली तर ऐकू यावे म्हणून.